दोन रकाने

यंदा ४ ऑगस्टला मिशिगनमध्ये प्रायमरी आहे. त्या दिवशी मतदान केंद्रावर काम कराल का, असं विचारणारं पत्र आमच्या शहराच्या क्लार्क कार्यालयाकडून आलं आणि मी त्याच संध्याकाळी होकार कळवून टाकला. राज्याच्या विधिमंडळातल्या हाउसच्या ११० आणि सिनेटच्या ३८, अशा सगळ्या जागांची निवडणूक ३ नोव्हेंबरला व्हायची आहे. कुठल्या पक्षाकडून कोण उभं राहणार, हे ऑगस्टातला मंगळवार ठरवेल. ग्रेचेन व्हिटमर यांच्या दोन मुदती पूर्ण होत असल्यामुळे गव्हर्नरपदही मोकळं आहे, म्हणून गप्पा सगळ्या त्याच्याच. माझा जीव अडकलेला असतो त्याच मतपत्रिकेवर खाली असणाऱ्या विधिमंडळाच्या ओळीत. का, ते कळायला २०२४ सालच्या ६ ऑगस्टचा दिवस सांगायला हवा.

पहाटे ४.३०

डबा भरला. दुधातल्या दशम्या, लसणाची चटणी, दोन केळी, थर्मासभर चहा. दिवसभर केंद्र सोडून जायचं नाही, हे प्रशिक्षणात बजावून सांगितलेलं. आई बाबांना इलेक्शन ड्युटीला हाच डबा द्यायची. बाबा कोरेगाव तालुक्यात शिक्षक होते, पुढे मुख्याध्यापक झाले, आणि जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत केंद्राध्यक्ष. आदल्या दिवशी तालुक्याला जाऊन साहित्य ताब्यात घ्यायचं, एसटीनं गाव गाठायचं, रात्री शाळेच्या ओसरीवर मतपेटी उशाशी घेऊन झोपायचं. आम्हा पोरींना त्या पेटीबद्दल जेवढं कुतूहल होतं तेवढं गणपतीच्या मखराबद्दलही नव्हतं.

सकाळी ६.००

ओकलंड काउंटीतल्या एका शाळेची जिम. बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबलं मांडलेली, भिंतीशी मतदानाच्या आडोशांची रांग, दारापाशी मोजणी यंत्र. आम्ही सहाजण. अध्यक्षबाई निवृत्त परिचारिका, पंचवीसेक वर्षं हे काम करताहेत. सगळ्यांत लहान एक सतरा वर्षांचा मुलगा. त्याला स्वतःला अजून मताचा हक्क नाही, पण सोळा-सतराच्या मुलांना इथे केंद्रावर नेमता येतं. ही तरतूद मला फार आवडते.

या कामासाठी अर्ज करताना तुम्ही कुठल्या पक्षाचे, हे लिहून द्यावं लागतं. पहिल्या वेळी ते वाचून मी दचकले होते. सरकारी कामात पक्ष कशाला? मागचं कारण अगदी व्यवहारी आहे: प्रत्येक केंद्रावर दोन्ही मोठ्या पक्षांची माणसं असलीच पाहिजेत, म्हणजे एकमेकांवर नजर राहते. कुणाला मत नोंदवायला मदत लागली तर दोन वेगळ्या पक्षांचे दोघे मिळून जातात. सील लावायचं, सील तोडायचं, तेही दोघांनी. आमच्यातले तीन एका पक्षाचे, तीन दुसऱ्या. दुपारपर्यंत कोण कुठला, हे आमच्याही लक्षात राहत नाही.

अमेरिकेची आणि मिशिगनची राज्यघटना पाळू, अशी हात वर करून शपथ झाली. मग यंत्राच्या सीलचा नंबर अध्यक्षबाईंनी मोठ्यानं वाचला, मी नोंदवहीतला नंबर मोठ्यानं वाचला, जुळला. यंत्र सुरू केल्यावर आतून कागदाची लांबच लांब पट्टी येते. त्यावर प्रत्येक उमेदवाराचं नाव आणि नावापुढे शून्य. ती पट्टी आम्ही सगळ्यांनी वाचली आणि खाली सह्या केल्या. बाबा मतदान सुरू करण्यापूर्वी रिकामी पेटी सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींपुढे उलटी करून दाखवायचे, आत हात फिरवायला लावायचे, मग कागदी सील आणि लाख. सही करताना मला त्यांचा तो पेटी उलटी करणारा हात दिसत होता.

सकाळी ७.००

अध्यक्षबाईंनी दारात उभं राहून मतदान सुरू झाल्याचं मोठ्या आवाजात जाहीर केलं. बाहेर चौघंच होते. पहिला मतदार पायात कामाचे जाड बूट घातलेला, शिफ्टला निघालेला.

प्रत्येकानं छोट्या अर्जावर नाव, पत्ता, जन्मतारीख आणि सही द्यायची. मी ओळखपत्र बघून लॅपटॉपवरच्या यादीत नाव शोधते, मतपत्रिकेचा क्रमांक नोंदवते आणि मतपत्रिका जाड कागदाच्या पाकिटात घालून देते. मत नोंदवून आल्यावर यंत्रापाशी दुसरा कर्मचारी तो क्रमांक पुन्हा ताडून बघतो, क्रमांकाचा तुकडा फाडून घेतो, आणि मग मतदार स्वतःच्या हातानं कागद यंत्रात सारतो. तुकडा निघाला की कोणाचं मत कुठलं, हे जगात कुणालाही सांगता येणार नाही.

सकाळी ८.१५

दिवसभराचा घोळ सुरू झाला. तो कागद कसा असतो ते सांगायला हवं.

मिशिगनमध्ये मतदार नोंदणी करताना पक्ष लिहावा लागत नाही. ऑगस्टच्या प्रायमरीत सगळ्यांना एकच मतपत्रिका मिळते आणि तिच्यावर शेजारी शेजारी दोन रकाने असतात, एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅटिक. दोन्हींत पदं तीच: वर वॉशिंग्टनच्या सिनेटचं, मग काँग्रेसचं, मग राज्याच्या हाउसचं, मग काउंटीचा शेरीफ, सरकारी वकील, खजिनदार. आडोशात गेल्यावर कुठला रकाना भरायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न. कुणी विचारत नाही, कुणाला कळत नाही. नियम एकच, पण कडक: एका रकान्यातच राहायचं. वरचं पद या पक्षातून आणि खालचं त्या पक्षातून निवडलंत, तर पक्षांच्या रकान्यांतलं तुमचं एकही मत मोजलं जात नाही. पक्षांशी संबंध नसलेले प्रश्न, म्हणजे शाळेचा किंवा वाचनालयाचा कर वगैरे, तेवढे मोजले जातात.

कागदावर सूचना छापलेली असते. मी देताना तोंडानंही सांगत होते. तरी लोक चुकत होते, आणि मला त्यांचा राग येत नाही. त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी झाली होती. तिला आधीच पक्ष सांगून त्या पक्षाची वेगळी मतपत्रिका घ्यावी लागली होती. नोव्हेंबरात पुन्हा निराळं: तेव्हा कुठल्याही ओळीत कुठल्याही पक्षाचा माणूस निवडता येतो. एका वर्षात तीन तऱ्हा. पोटापाण्याच्या धबडग्यात हे कुणाच्या लक्षात राहणार?

सकाळी ११.४०

दारातून एक काकू आल्या. सलवार-कमीझ, पायात पांढरे स्पोर्ट्‌स शूज, हातात पासपोर्ट घट्ट धरलेला. अर्जावर सही देवनागरीत. मी मान वर करून म्हटलं, "काकू, मराठी?"

"अगंबाई! सोलापूरची गं मी," त्या म्हणाल्या आणि त्यांचे खांदे एकदम सैल झाले. लेकीकडे राहतात. गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं, आयुष्यातलं इथलं पहिलं मत. लेक बाहेर गाडीत थांबली होती, "मी एकटी जाऊन येते" असं तिला ठणकावून आलेल्या. मी रकान्यांचं सांगितलं, त्यांनी मान डोलावली.

पंधरा मिनिटांनी यंत्रापाशी टूं असा आवाज झाला. पडद्यावर मजकूर आलेला: दोन पक्षांच्या रकान्यांत मतं आहेत, परत हवी की अशीच टाकायची? काकू माझ्याकडे बघत होत्या. तोंडावर अशी भीती, जणू पोलिसांनीच हटकलंय.

मी अध्यक्षबाईंना विचारून त्यांच्यापाशी गेले. सोबत दुसऱ्या पक्षाचे एक सहकारी आले. मी मराठीत बोलायचं आणि प्रत्येक वाक्य त्यांना इंग्रजीत सांगायचं, असं ठरलं. काकूंनी कागद परत घेतला आणि सरळ माझ्यापुढे धरला. "बघ बरं काय चुकलं?"

मी तोंड फिरवलं. "काकू, मला दाखवू नका. पालथा धरा. तुमचं मत मी बघायचं नाही."

त्यांनी कागद छातीशी धरला. "अगं, मी दोन्हीकडची चांगली माणसं निवडली. याच्यातला एक बरा वाटला, त्याच्यातली ती बाई. तिकडं नाही का, प्रभागात चार मतं असतात, अ एकाला, ब दुसऱ्याला?"

बरोबरच होतं त्यांचं. महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात मतं द्यायची सवय असलेल्या बाईला हे चुकीचं वाटावंच का? मी म्हटलं, "काकू, आज आपण कुणाला निवडून देत नाही. आज आपण तिकीट वाटतोय. ज्या पक्षाचं तिकीट वाटायला बसलात, त्याच पक्षाचं वाटायचं. दुसऱ्याच्या पंगतीत वाढायला जायचं नाही. नोव्हेंबरात या, तेव्हा हवं त्याला द्या."

त्या क्षणभर थांबल्या. "म्हणजे तिकीट आम्ही वाटायचं?"

"हो."

"मुंबईहून नाही येत?"

"नाही येत."

सहकाऱ्यांना मी हे जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. पंगतीचं काही जमलं नाही. चुकलेल्या कागदाची घडी काकूंनीच घातली, त्यावर रद्द असं लिहिलं गेलं, तो वेगळ्या लिफाफ्यात गेला, यादीत नोंद झाली आणि त्यांना नवा कागद मिळाला. या खेपेला त्या आडोशात चांगल्या वीस मिनिटं होत्या. यंत्रानं कागद आत ओढला, पडद्यावर झेंडा फडकला. काकूंनी 'मी मत दिलं' असा स्टिकर ओढणीला लावला आणि यंत्राला हात जोडून गेल्या.

त्या केंद्रावर आल्या म्हणून त्यांचं मत वाचलं. मिशिगनमध्ये २०१८ पासून कारण न देता कुणालाही टपालानं मतदान करता येतं आणि फार जण तसंच करतात. घरच्या टेबलावर दोन्ही रकाने भरून लिफाफा चिकटवणाऱ्याला टूं असा आवाज करून सांगणारं कुणी नसतं. त्याचं मत गेलेलं त्याला कधीच कळत नाही. हे दुःख मला दर ऑगस्टात नव्यानं होतं.

दुपारी १.३०

जिम ओस पडली. सतरा वर्षांचा मुलगा आडोशांतली पेनं पुसत होता. मी दशमी खाल्ली, एक त्याला दिली.

या रिकाम्या तासांत काय काय मनात येतं! विधानसभेच्या वेळी आपल्याकडे महाराष्ट्रात काय चालतं ते मी लहानपणापासून पाहिलंय. नेत्याच्या बंगल्याबाहेर रात्र रात्र बसलेले इच्छुक, दिल्लीच्या वाऱ्या, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी गाडीतून येणारा पक्षाचा ए-बी फॉर्म, आणि तो दुसऱ्याला मिळाल्यावर घोषणा देत बाहेर पडणारे बंडखोर. २८८ जागांची तिकिटं मूठभर माणसं ठरवतात. मतदाराच्या वाट्याला नाव येतं ते ठरून आलेलं.

इथे शंभर डॉलर भरले, किंवा ते नकोत तर सह्या गोळा करून दिल्या, की कुणालाही राज्याच्या हाउससाठी पक्षाच्या प्रायमरीत उतरता येतं. पक्षाच्या अध्यक्षाला त्याचं नाव खोडता येत नाही. आणि प्रायमरीत पडलेल्याला नोव्हेंबरच्या कागदावर अपक्ष म्हणून नाव छापून घेता येत नाही, म्हणजे बंडखोरीची वाट बंद. विस्कॉन्सिनमध्ये रॉबर्ट ला फॉलेट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्षाच्या पुढाऱ्यांशी भांडून हा हक्क मतदारांना मिळवून दिला आणि तिथून तो देशभर गेला.

त्याचं मोल काय, हे आपल्याच माणसाच्या उदाहरणातून दिसतं. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. त्यांचं 'ही श्रीची इच्छा' मराठी घराघरांत वाचलं गेलं. २०१८ मध्ये गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ते तिसरे आले. २०२० च्या ऑगस्टात डेट्रॉइटमधल्या हाउसच्या तिसऱ्या मतदारसंघाची प्रायमरी जिंकले, आणि तिथे नोव्हेंबर म्हणजे निव्वळ सोपस्कार होता. २०२२ मध्ये काँग्रेसच्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते. सुमारे २८ टक्के मतांवर ते जिंकले आणि वॉशिंग्टनला गेले. त्यांच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, दोन्ही वेळा खरा निकाल ऑगस्टात लागला.

राज्यात असे मतदारसंघ फार आहेत. डेट्रॉइटमध्ये डेमोक्रॅटिक तिकीट म्हणजे आमदारकी, उत्तरेकडच्या कितीतरी भागांत रिपब्लिकन तिकीट म्हणजे आमदारकी. २०२३ च्या डिसेंबरात तीन संघीय न्यायाधीशांनी डेट्रॉइट परिसरातले विधिमंडळाचे तेरा मतदारसंघ रद्द केले. सीमा आखणाऱ्या आयोगानं वर्णाच्या आधारे रेषा मारल्या होत्या. कृष्णवर्णीयांची वस्ती उपनगरांत चिरून वाटली गेली होती. सुनावणीत पुढे आलेली गोष्ट मला विसरता येत नाही: आयोगानं हिशोब मांडला तो नोव्हेंबरच्या आकड्यांवर, प्रायमरीचे पुरेसे आकडे त्याच्यापाशी नव्हतेच. जिथे सगळं ऑगस्टात ठरतं, तिथे नोव्हेंबरचे आकडे काय कामाचे? हाउसचे सात मतदारसंघ त्या वर्षीच्या प्रायमरीआधी नव्यानं आखले गेले. सिनेटच्या सहा मतदारसंघांच्या नव्या सीमा यंदा पहिल्यांदाच वापरल्या जातील.

आणि जिथे चुरस आहे तिथे एकेक जागा केवढी! २०२३ च्या अखेरीस दोन आमदार आपापल्या शहरांचे महापौर झाले आणि हाउस ५४-५४ वर अडकलं, एप्रिलमधल्या पोटनिवडणुकांपर्यंत.

तरी जिम ओस. २०२० सालच्या ऑगस्टात या राज्यात प्रायमरीला विक्रमी, सुमारे २५ लाख मतं पडली. त्याच नोव्हेंबरात पडली ५५ लाख. निम्म्याहून अधिक माणसं पंगतीला आली, पण काय शिजवायचं हे ठरवायला आली नव्हती. आमच्या इथल्या मराठी मंडळात गणपतीच्या आरतीला पाय ठेवायला जागा नसते. त्यातल्या कितीजणांना ऑगस्टातला मंगळवार ठाऊक असतो? मी विचारते, दर वर्षी विचारते. "अगं, खरी निवडणूक नोव्हेंबरात ना?" हेच उत्तर मिळतं.

दुपारी ४.१०

लहान मूल घेऊन आलेली एक आई. मुलाला दोन स्टिकर हवे होते. दिले.

संध्याकाळी ५.४५

कामावरून सुटलेल्यांची रांग लागली. हाच तेवढा तास मान वर करायला फुरसत नव्हती. एक गृहस्थ तावातावानं म्हणाले, मला दोन्हीकडची माणसं निवडायचीत, माझ्यावर एकाच पक्षाची सक्ती का? त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. उत्तर देणं माझं काम नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. जिथे एकाच पक्षाचा उमेदवार निवडून येणार हे ठरलेलं आहे, तिथे दुसऱ्या पक्षाच्या मतदारानं आपला शेरीफ निवडायला इकडचा रकाना धरला तर वरच्या पदासाठीचं आपल्या पक्षाचं तिकीट त्याला सोडून द्यावं लागतं. त्यांनी शेवटी काय केलं ते मला माहीत नाही. यंत्रानं आवाज केला नाही.

रात्री ८.००

आठच्या ठोक्याला जो रांगेत आहे त्याला मत देता येतं, म्हणून रांगेच्या शेवटी एकजण उभा करायचा असतो. तिथे तो मुलगा उभा राहिला. त्याच्यापुढे दोनच माणसं होती, दुसरा धावत आलेला, धापा टाकत. अध्यक्षबाईंनी मतदान संपल्याचं पुकारलं.

रात्री ९.३०

आता जुळवाजुळव. यादीत किती नावांपुढे मतपत्रिका दिल्याची नोंद, यंत्रानं किती कागद घेतले, रद्द किती. एकाचा फरक आला. सहा दमलेली माणसं पुन्हा सगळे अर्ज मोजायला बसली. दोन अर्ज एकमेकांना चिकटले होते. ते त्या मुलाला सापडले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

यंत्रातून निकालाची पट्टी निघाली. सकाळी जिथे शून्यं होती तिथे आकडे. मी खालपर्यंत वाचत गेले. अगदी शेवटी प्रिसिंक्ट डेलिगेट, पक्षाचं गल्लीपातळीवरचं पद. पक्षाच्या अधिवेशनात आपल्या भागातर्फे बसायचा मान याच माणसाला. एका रकान्यात त्या पदापुढे नावच नव्हतं. कुणी उभंच राहिलं नव्हतं.

मतपत्रिका पेटीत भरल्या, सील लावलं, नंबर मोठ्यानं वाचला, दोघांनी सह्या केल्या. एक त्या पक्षाचा, एक या.

रात्री १०.५०

गाडीत बसून बाबांना फोन लावला. तिकडे बुधवारची सकाळ, सव्वाआठ वाजून गेलेले. त्यांचा पहिला प्रश्न मला पाठ होता.

"हिशोब जुळला का?"

"जुळला. एकाचा फरक होता, सापडला."

"सील?"

"लावलं. नंबर दोनदा वाचला."

"शाब्बास." मग थोडं थांबून, "मतदान किती झालं?"

टपालाची मतं दुसरीकडे मोजतात, हे मी आधी सांगितलं. मग म्हटलं, आमच्या केंद्रावर दर दहा नावांमागे दोनसुद्धा आले नाहीत.

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. चाळीस वर्षांत नदीला पूर असतानाही होडीतून आलेले मतदार ज्यांनी बघितले, ते बाबा.

"रस्ता बंद होता का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा," मी म्हटलं. "रस्ता चांगला होता."